शूटिंगचं शूटिंग करून काय साधणार होतं?

प्रश्न असा आलाय की २००५ च्या सुमाराला अमेरिकेच्या संसदेत ‘फेअरनेस इन फायरआर्म टेस्टिंग ॲक्ट’ नावाचं एक बिल आलं होतं, सरकारी खातं बंदूक टेस्ट करताना सगळ्याचा व्हिडिओ काढेल आणि तो एडिट करणार नाही असं सांगणारं, तर एवढ्या साध्या गोष्टीला कायदा कशाला लागतो, आणि इतकं साधं होतं तर पास का नाही झालं.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. भोसरीला एका टेस्ट लॅबमध्ये आठ वर्षं ऑटो पार्ट्स तोडले, मग अमेरिकेत जॉर्जिया राज्यात आलो आणि गेली चौदा-पंधरा वर्षं बंदुका नि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांचं टेस्टिंग आणि कंप्लायन्सचं काम बघतो. बंदूकवेडा वगैरे अजिबात नाही, घरात एकही नाही, बायको ठेवूही देणार नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते ‘आमचे हक्क’ वाल्या बाजूने नाही, टेस्ट इंजिनियरच्या डोक्याने लिहितोय.

तर पहिली गोष्ट, ही टेस्ट म्हणजे बंदूक चांगली की वाईट, फुटते की टिकते, अशी क्वालिटीची टेस्ट नाही. ही ‘कायद्याच्या भाषेत ही वस्तू नक्की आहे काय’ ते ठरवणारी टेस्ट आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये मशीनगनची व्याख्या आहे, ट्रिगरच्या एका क्रियेत, मधे हाताने लोड न करता, आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या सुटत असतील, किंवा तसं डिझाइन असेल, किंवा सहज परत तसं करता येत असेल, तर ती मशीनगन. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन साध्या नागरिकाला ठेवताच येत नाही, सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. म्हणजे तीच रायफल, दिसायला तीच, वजनाला तीच, टेस्टच्या रिपोर्टमध्ये एक शब्द बदलला की दुकानातली कायदेशीर वस्तू फेडरल गुन्हा होते. आणि तो शब्द लिहिणार एटीएफ, म्हणजे दारू-तंबाखू-बंदुका-स्फोटकं बघणारं फेडरल खातं, आणि त्यांची टेक्निकल शाखा. ती आता वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. गुन्हा शोधणारं खातं आणि टेस्ट करणारं खातं एकच, हे लक्षात ठेवा.

आता एक केस सांगतो, ती कळली की बाकी सगळं कळतं. विस्कॉन्सिनमधला ओलोफसन खटला. २००६ मध्ये ओलोफसन नावाच्या माणसाने आपली एआर-१५, म्हणजे एका दाबण्याला एकच गोळी सोडणारी रायफल, दुसऱ्याला वापरायला दिली, त्या दुसऱ्याने रेंजवर ती चालवली, एका दाबण्यात तीन-चार गोळ्या सुटल्या आणि रायफल जाम झाली, कुणीतरी पोलिसांना कळवलं, रायफल एटीएफकडे गेली. पहिल्या टेस्टमध्ये ती आपोआप फायर झाली नाही. मग दुसरी टेस्ट झाली, या वेळी बाजारात मिळणाऱ्या, मऊ प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेली, ठोका बसला की पेटणारी टोपी) गोळ्या घेऊन, आणि निकाल आला मशीनगन. जानेवारी २००८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं, ३० महिन्यांची शिक्षा, आणि २००९ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ती कायम केली.

लगेच ‘बघा बघा अन्याय’ म्हणू नका, दुसरी बाजू पण आहे. त्या रायफलीत मिलिटरीच्या एम-१६ या ऑटोमॅटिक रायफलीचे काही पार्ट बसवलेले होते, आणि ज्याला दिली त्याने सांगितलं की सिलेक्टरच्या, म्हणजे फायरचा प्रकार निवडायच्या खटक्याच्या, तिसऱ्या पोझिशनला तीन गोळ्या सुटतात पण मग जाम होते हे ओलोफसननेच त्याला बोलून दाखवलं होतं. हे महत्त्वाचं, कारण १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आपल्या हातातली वस्तू अशी वागते हे आरोपीला माहीत होतं ते सरकारने सिद्ध केलं पाहिजे. ते इथे झालं. त्यामुळे तो माणूस धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही.

पण टेस्ट? एका टेस्टमध्ये नाही, दुसरीत हो, आणि मधे बदलली काय तर गोळ्यांची पेटी. आमच्या धंद्यात याला निकाल म्हणत नाहीत, याला ‘टेस्टची कंडिशन ठरलेली नव्हती’ म्हणतात.

गोळीने एवढा फरक का पडतो ते सांगतो, कारण यावर वकील लोक तासन् तास बोलतात आणि ज्यूरीच्या डोक्यावरून जातं. एआर-१५ मध्ये गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत बंद करून धरणारा भाग, मागे जातो आणि जाता जाता हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारा भाग, खाली दाबतो. तुमचं बोट अजून ट्रिगरवरच असतं, म्हणून डिस्कनेक्टर नावाचा एक छोटासा आकडा त्या हॅमरला धरून ठेवतो, बोट सैल केलं की हॅमर आकड्यावरून ट्रिगरच्या खाचेवर येतो, पुढची गोळी तयार. आता हा आकडा झिजला, किंवा कुठले तरी जमून न येणारे पार्ट एकत्र आले, तर हॅमर धरलाच जात नाही, बोल्ट पुढे यायला लागला की त्याच्या मागोमाग तोही येतो. याला इकडे ‘हॅमर फॉलो’ म्हणतात. त्यात धड जोर नसतो, म्हणजे फायरिंग पिन प्रायमरवर आपटत नाही, टिचकी मारते. मिलिटरीच्या गोळीचा प्रायमर मुद्दाम निबर ठेवलेला असतो, टिचकीने पेटत नाही. बाजारातल्या काही गोळ्यांचा नाजूक असतो, तो पेटतो. पेटला की गोळी सुटते, परत तेच, परत तेच, आणि कुठेतरी टायमिंग हुकतं नि जाम.

मी हे स्वतः एकदा बघितलंय, दुरुस्तीला आलेल्या एका बिघडलेल्या रायफलवर, परवानेवाल्या वर्कशॉपच्या रेंजवर. पहिल्या पेटीतली गोळी झाडली, एक सुटली, हॅमर मागोमाग आला, ठप्प. पुढची काडतूस बाहेर काढली तर तिच्या प्रायमरवर मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खळगा, नखाने चाचपला तर लागेल न लागेल इतका. पाच वेळा केलं, पाच काडतुसं टेबलावर ओळीने उभी केली, पाचही खळगे सारखेच. मग दुसऱ्या कंपनीची पेटी फोडली. तीन सुटल्या, चौथी वेडीवाकडी अडकली, आणि रेंजवरचा म्हातारा मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. रायफल तीच, माणूस तोच, मधे जेमतेम पंधरा मिनिटं. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं की ही मशीनगन आहे का, तर माझं उत्तर पेटीवर अवलंबून होतं.

आणि हा नुसता गोळीचा प्रश्न पण नाही, शब्दाचा पण आहे. ‘आपोआप’ म्हणजे काय? स्टेपल्सच्या निकालात एका ठिकाणी लिहिलंय की ट्रिगर दाबल्यावर तो सोडेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत फायर चालू राहतं ते ऑटोमॅटिक. ओलोफसनच्या वकिलाने तेच धरलं, आमची तर तीन गोळ्यांत जाम होते, हा बिघाड आहे, मशीनगन कसली. अपील कोर्ट म्हणालं ती व्याख्या इथे लागू नाही, यंत्रणा स्वतःहून काम करून एका क्रियेत एकापेक्षा जास्त गोळ्या सोडते ना, झालं तर मग. म्हणजे बिघडलेली बंदूक आणि बदललेली बंदूक यांच्यातली रेघ पुसट ती पुसटच राहिली. वर आरोपीच्या बाजूच्या तज्ज्ञाला सरकारी तज्ज्ञाची साक्ष चालू असताना कोर्टरूममध्ये बसू दिलं नव्हतं, अपीलमध्ये तेही चाललं. आता तज्ज्ञाला समोरच्याचं ऐकताच येत नाही, तर तो उलट काय सांगणार, कप्पाळ?

आता बिलाकडे. जॉर्जियाचे रिपब्लिकन खासदार फिल गिंग्री, हे मुळात डॉक्टर, त्यांनी २००५ मध्ये ते मांडलं आणि २००७ मध्ये परत मांडलं. म्हणजे पहिल्यांदा आलं ते ओलोफसन प्रकरणाच्या आधीच, कारण या तक्रारी तोपर्यंत बऱ्याच जुन्या झालेल्या होत्या. गाभा एवढाच, की एखादी वस्तू फायरआर्म आहे का, कुठल्या प्रकारचं आहे, दारूगोळा आहे का, हे ठरवताना एटीएफने तपासणी आणि टेस्टचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढायचा, तो एडिट करायचा नाही, पुसायचा नाही, आणि ज्याचा संबंध आहे त्याला कॉपी द्यायची. बस. दोन्ही वेळा ते कमिटीत गेलं आणि तिथेच विरलं.

माझं मत विचाराल तर बिल चांगलं होतं पण अर्धवट होतं, आणि हे मी बिलाच्या बाजूच्या लोकांनाही सांगून झालोय, त्यांना आवडत नाही. व्हिडिओ काय दाखवणार? माणूस टेबलाशी उभा आहे, ट्रिगर दाबतो, तीन गोळ्या सुटतात. खरंच सुटल्या, कुणी फसवलं नाही. पण कुठली गोळी घ्यायची, किती राउंड झाडायचे, दहा वेळा दाबल्यावर एकदाच दोन सुटल्या तर तो बिघाड धरायचा की निकाल, तपासणाऱ्याने टेस्टआधी कुठला पार्ट बदलला, कुठे कानस मारली, ते कुठे लिहायचं, यातलं काहीच व्हिडिओ ठरवत नाही. व्हिडिओ हा पंचनामा झाला. पद्धत आधी लिहिलेली असेल तर त्या पंचनाम्याला अर्थ, नाहीतर नुसतंच शूटिंगचं शूटिंग.

भोसरीला असताना एकदा एका रबर बुशची अख्खी बॅच हार्डनेसमध्ये नापास होऊन परत आली होती, आमच्याकडे पास, गिऱ्हाइकाच्या लॅबमध्ये फेल. डिसेंबर होता, पोरगा सकाळी सातला गारठलेल्या गोडाऊनमधून पार्ट आणून तसाच मशीनखाली धरत होता, रबर थंडीने आखडलेलं, आकडा वर. स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय आधी एवढे तास एवढ्या टेंपरेचरला ठेवा, म्हणून भांडण दहा मिनिटांत मिटलं, दोघांनी कागदावर बोट ठेवलं आणि चहा घेतला. कागद नसता तर आजपर्यंत चाललं असतं.

बरं, अमेरिकन सरकारला असा कागद लिहिता येत नाही असं आहे का? अजिबात नाही, आणि मला यातलीच गंमत सगळ्यात मोठी वाटते. पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं स्टँडर्ड एनआयजे नावाची संस्था काढते, आणि ती न्याय खात्याचीच, ज्या खात्यात २००३ पासून एटीएफ आहे. त्या स्टँडर्डमध्ये जॅकेटमागे मातीचा ब्लॉक, गोळी कुठली, वेग किती, अंतर किती, कुठल्या कोनात, जॅकेट आधी ओलं करायचं, आणि गोळी अडली तरी मागच्या मातीत पडलेल्या खड्ड्याच्या खोलीला ४४ मिलिमीटरची मर्यादा. ४४! त्याच खात्यात, दुसऱ्या दारामागे, ज्या टेस्टवर माणूस दहा वर्षं आत जाऊ शकतो तिच्यासाठी कायद्यात असं काही बंधन नाही.

कॅलिफोर्नियाने तर पिस्तुलांची टेस्ट थेट कायद्यातच लिहून टाकली, १९९९ मध्ये. ती सेफ्टीची टेस्ट आहे, मशीनगनवाली नाही, पण लिहिलीय कशी बघा. मॉडेलची तीन पिस्तुलं, राज्याने सर्टिफाय केलेली, बनवणाऱ्याच्या मालकीची नसलेली लॅब, प्रत्येकी ६०० राउंड, दर ५० ला पाच ते दहा मिनिटं थांबून थंड करायचं, पहिले २० राउंड एकही अडथळा न येता गेले पाहिजेत, प्रत्येक पिस्तुलाच्या ६०० राउंडमध्ये मिळून सहापेक्षा जास्त अडथळे नकोत, वापरणाऱ्याला धोका वाढेल असा एकही पार्ट तडकायला नको, आणि मग एक मीटर एक सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सहा वेगवेगळ्या बाजूंनी पाडायचं, प्रायमर पेटला की फेल. तो वरचा एक सेंटिमीटर कुणी घातला देव जाणे पण ज्याने घातला तो आमच्यातला असणार. अर्थात लिहिलं म्हणजे सगळं न्याय्य झालं असंही नाही, पुढे त्याच कायद्यात नव्या अटी घुसल्या, यादीत एक नवं मॉडेल आलं की तीन जुनी काढायची असा नियम आला, आणि टेस्टचा वापर दार बंद करायला होतोय अशी ओरड सुरू झाली. पण तिथे निदान भांडायला काहीतरी छापलेलं आहे.

फेडरल पातळीवर छापील आकडे का नाहीत याला जुनं कारण पण आहे. टोस्टरपासून पाळण्यापर्यंत सगळ्याची सुरक्षा बघणारं जे फेडरल कमिशन १९७२ च्या कायद्याने झालं, त्याच्या हातातून बंदुका आणि गोळ्या संसदेनेच मुद्दाम बाहेर ठेवल्या. ज्यांनी ठेवल्या ते बंदूकवाल्यांचेच मित्र होते. सरकारी स्टँडर्ड नको म्हणून जन्मभर भांडायचं, आणि मग सरकारी टेस्टला स्टँडर्ड नाही म्हणून रडायचं, हे मला आमच्या क्लायंट लोकांचं कधी कळलं नाही, त्यांना तोंडावर बोललोय.

कंपन्यांच्या बाजूने मात्र एक खरं दुखणं आहे, ते म्हणजे खात्याची पत्रं. नवीन वस्तू बनवली की तुम्ही नमुना पाठवता, ते तपासून पत्र देतात की ही अमुक आहे. त्या पत्रावर माणसं घर गहाण टाकतात. ॲकिन्स ॲक्सिलरेटर नावाचा एक स्प्रिंगवाला स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, होता, त्याला २००३ मध्ये पत्र मिळालं की ही मशीनगन नाही. पाठवलेला नमुना टेस्टमध्ये धड चाललाच नव्हता, तरी काम कसं करणार ते समजलं म्हणून पत्र दिलं. माल बाजारात आला, परत टेस्ट झाली, आणि २००६ मध्ये तेच खातं म्हणालं मशीनगन आहे, स्प्रिंगा काढा. आता यात चूक दोन्हीकडे आहे, पण न चाललेल्या नमुन्यावर सर्टिफिकेट आमच्या लॅबमध्ये कुणी दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो घरी बसला असता. आणि बुटाच्या नाडीचं माहीत आहे का? २००४ च्या एका पत्रात १४ इंची, दोन टोकांना फास असलेली नाडी हीच मशीनगन ठरली होती, कारण ती रायफलीच्या हँडलला नि बोटाला अडकवली की पटापट फायर होतं. २००७ मध्ये सुधारलं, की नुसती नाडी नाही, रायफलीला तशी जोडली तर. तीन वर्षं अमेरिकेतल्या चपलांच्या दुकानांचं काय स्टेटस होतं कोण जाणे.

मग बिल पास का नाही झालं? माझ्या अंदाजाने तीन गोष्टी. डाव्या बाजूला याचं नाव ऐकूनच हे बंदूकवाल्यांना सोडवायचं बिल वाटलं. उजव्या बाजूला ज्यांच्यात दम होता त्यांना दुकानदारांच्या परवान्यांचे, खटल्यांपासून कंपन्यांना वाचवायचे मोठे विषय होते, त्यात टेस्टिंगवर मतं मिळत नाहीत. आणि तिसरं, अशा कुठल्याही मागणीला तयार उत्तर असतं की प्रत्येक वस्तू वेगळी, एकच साचा कसा बसवणार. या तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, वर्गीकरण हे अर्धं टेस्ट आणि अर्धं कायद्याचं वाचन असतं. ‘सहज परत तसं करता येईल’ या शब्दांचंच घ्या, १९७३ च्या एका निकालात सुसज्ज वर्कशॉपमध्ये आठ तासांचं काम हेही ‘सहज’ धरलं गेलं. हे मोजपट्टीने सुटत नाही, मान्य. पण फायर टेस्टला कुठली गोळी वापरली ते लिहायला काय साचा लागतो?

संसदेने केलं नाही ते नंतर कोर्टांनी तुकड्यातुकड्यांत केलं. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका जिल्हा न्यायाधीशाने खात्याचा निर्णय रद्द केला, एका मझल ब्रेकला, म्हणजे नळीच्या तोंडाला लावून बंदुकीचा धक्का कमी करणाऱ्या भागाला, सायलेन्सर ठरवला होता, का तर सायलेन्सरमध्ये असतात तसे तीन भाग यात पण आहेत. आवाज कमी होतो का याची टेस्टच त्याचा आधार नव्हती! न्यायाधीशाने लिहिलं की शेपटी, करडी कातडी आणि चार पाय आहेत म्हणून उंदीर हत्ती होत नाही. आणि जून २०२४ मध्ये कारगिल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६-३ ने बंप स्टॉकवरची, म्हणजे रायफलीचा धक्काच वापरून पटापट फायर करू देणाऱ्या दस्त्यावरची, बंदी उडवली, निकालात चक्क ट्रिगरच्या आतल्या भागांच्या आकृत्या छापून. लास वेगासच्या हत्याकांडानंतर ती बंदी आली होती, त्याआधी खातंच तशा वस्तूंना मशीनगन नाही अशी पत्रं देत होतं. निकाल बरोबर की चूक यावर मी बोलणार नाही, घरात यावरून जेवणाचं ताट बाजूला सरकवून झालंय. फक्त एवढंच की हॅमर कुठे अडकतो हे नऊ न्यायाधीशांनी बघायची वेळ आली, ते काम टेस्ट रिपोर्टचं होतं.

शेवटी तुमच्यातले जे इकडे या धंद्यात नवीन आहेत त्यांच्यासाठी, कारण कायदा होईपर्यंत वाट बघत बसलात तर झालं. नमुना मार्टिन्सबर्गला पाठवायच्या आधी आम्ही आमची टेस्ट आम्हीच शूट करतो, एकाच टेकमध्ये, कट नाही. पहिल्या फ्रेममध्ये गोळ्यांची पेटी लॉट नंबर दिसेल अशी धरायची, मग नमुन्याचा सिरियल नंबर, मग ट्रिगर ग्रुप उघडून एकेक पार्ट स्केलशेजारी ठेवून. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या, त्यातली एक मऊ प्रायमरची, मुद्दाम. झाडलेली नि न झाडलेली सगळी काडतुसं पिशवीत, पिशवीवर तारीख, आणि न झाडलेल्यांच्या प्रायमरचा जवळून फोटो. माझ्या कपाटात अशा पिशव्यांचे आता चार खोके झालेत, परवा झुरळं मारायला आलेला माणूस ते बघून दारातच थांबला.